गर्भपिशवी काढल्यावर अंगावरून लघवी गळतेय: नळी आत्ता जोडायची की थांबायचं?

निफाड तालुक्यातल्या एका गृहस्थांनी थोरल्या बहिणीबद्दल विचारलंय. ताईंचं वय ४४. गाठींमुळे दुर्बिणीने गर्भपिशवी काढली, त्याला आज १७ दिवस झाले. पहिला आठवडा बरा गेला. दहाव्या दिवसापासून अंगावरून पाणी जायला लागलं. दिवसाला सात-आठ पॅड भिजतात, आणि लघवीही नेहमीसारखी होतेच. सीटी स्कॅनमध्ये डाव्या युरेटरला, म्हणजे किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीला, खालच्या टोकाशी इजा दिसली. डाव्या किडनीला सूज आहे. मूत्राशयातून दुर्बीण घालून स्टेंट, म्हणजे युरेटरच्या आत राहून वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकायचा प्रयत्न झाला, पण ज्या तारेवरून तो सरकवतात ती वर गेली नाही. रक्तातलं क्रिएटिनीन, म्हणजे किडन्यांचं काम दाखवणारा आकडा, ०.९. एक डॉक्टर म्हणतात, पाठीतून नळी टाकू, दोन-तीन महिने थांबू आणि मग ऑपरेशन करू. दुसरे म्हणतात, लगेच उघडू. नात्यातले तिसरे म्हणतात, माणसाला एक किडनी पुरते, डावी काढून टाका, कटकट मिटेल. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: परवा रात्री ताईंना थंडी वाजून ताप आला होता.

ती शेवटची ओळ मी सगळ्यात वर आणतो. मी नाशकात बावीस वर्षं युरॉलॉजी करतोय. तुंबलेली किडनी आणि थंडी वाजून ताप असं एकत्र दिसलं की मी जोडणीची चर्चा बाजूला ठेवतो. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते रक्तात उतरायला एक रात्रही पुरते. तेव्हा लगेच ऑपरेशन की तीन महिन्यांनी, हा वाद आजचा नाही. आज डाव्या किडनीतली लघवी बाहेर काढायला वाट करून द्यायची आहे. पाठीतून नळी टाकायची ती यासाठी, आणि ते काम उद्यावर ढकलू नका. नळी जोडणारा सर्जन तुम्ही नंतर निवांत निवडू शकता. मेलेली किडनी मात्र कोणालाही जिवंत करता येत नाही.

क्रिएटिनीन ०.९ आहे म्हणून घरच्यांना धीर आलाय, तो जरा आवरा. तो आकडा दोन्ही किडन्यांचा मिळून असतो. उजवी चांगली असेल तर ती एकटीच तो आकडा ०.९ वर ठेवते, डावी बंद पडली तरी. डाव्या किडनीची तब्येत त्यावरून कळत नाही. ती कळते डीटीपीए किंवा ईसी स्कॅनवर, म्हणजे प्रत्येक किडनी वेगवेगळी किती चालते ते दाखवणाऱ्या तपासणीवर, आणि तोही तुंबलेली लघवी निघून काही आठवडे गेल्यावर केलेला असेल तर. सुजलेल्या किडनीचा स्कॅन करून ती फक्त १२ टक्के चालते असं ठरवणं म्हणजे तापात परीक्षा घेऊन नापास करण्यासारखं आहे.

आता नेमकं काय झालं असावं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

युरेटर साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर जाड असतो. पोटाच्या मागच्या बाजूने उतरत तो ओटीपोटात येतो आणि गर्भपिशवीच्या तोंडापासून दीड-दोन सेंटीमीटरवरून मूत्राशयाकडे वळतो. तिथे गर्भपिशवीची मुख्य रक्तवाहिनी त्याच्या वरून आडवी जाते. पुलाखालून पाणी, असं विद्यार्थ्यांना शिकवतात. मी आमच्या पोरांना सांगतो, होळकर पुलाखालून गोदावरी जाते ना, तसं. गंमत इतकीच की पिशवी काढताना हा पूल बांधून कापावाच लागतो आणि नदी तिथून बोटाच्या रुंदीवर असते. आधीची दोन सिझेरियन असतील, गाठ मोठी असेल किंवा आतडी चिकटलेली असतील तर नदी आपल्या जागेवर सापडतही नाही.

दहाव्या दिवशी गळती सुरू झाली यावरून माझा अंदाज असा की नळी बहुधा सरळ कापली गेलेली नाही. कापलेली नळी पहिल्या दोन-चार दिवसांतच बोलते: पोट फुगतं, ड्रेनमधून, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर यायला ठेवलेल्या नळीतून, लघवी येते. आठ-दहा दिवस शांत राहून मग गळते ती बहुतेक वेळा भाजलेली नळी. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला जी वीज किंवा उष्णता वापरतात, तिची धग शेजारी लागते. तेवढा भाग आधी पांढरा पडतो, मग गळून जातो आणि तिथे भोक पडतं. टाक्यात नळी आवळली गेली असेल तरी असंच होऊ शकतं. हा सगळा तर्क आहे. सीटी मी पाहिलेला नाही.

भाजण्याचा मुद्दा एवढा ताणण्याचं कारण आहे. भाजलेल्या नळीचं नुकसान डोळ्यांना दिसतं त्याहून लांबवर गेलेलं असतं. युरेटरला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिरा त्याच्या बाहेरच्या पातळ आवरणातून लांबीने धावतात. तुम्ही निफाडचे, म्हणजे द्राक्षबागेतलं गर्डलिंग पाहिलं असेल. सालीची पट्टी जरा जास्त रुंद निघाली की ती वेल सावरत नाही. इथेही तसंच. वरून नळी अखंड दिसते, पण आवरण गेलं असेल तर तिथला टाका धरत नाही. म्हणून जोडताना आम्ही खराब टोक मागे मागे कापत जातो, ताजं लाल रक्त दिसेपर्यंत. स्कॅनवर एक सेंटीमीटरची इजा वाटते आणि टेबलावर चार सेंटीमीटरची फट पडते. कोणतं ऑपरेशन करणार ते आत्ताच सांगा, असं सर्जनच्या मागे लागू नका ते यासाठीच. प्रामाणिक सर्जन दोन-तीन पर्याय सांगेल आणि सगळ्यांची संमती घेऊन ठेवेल.

पाठीतून नळी म्हणजे पीसीएन. पालथं झोपवून, तेवढीच जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुई किडनीत घालतात आणि तिच्यावरून पेन्सिलपेक्षा बारीक नळी सरकवतात. सूज असलेल्या किडनीत हे काम बहुतेकदा अर्ध्या तासात होतं. पहिले एक-दोन दिवस लघवी लालसर येते, घाबरू नका. नळीला जोडलेली लघवीची पिशवी किडनीच्या पातळीपेक्षा खाली राहायला हवी आणि नळीला ओढ बसता कामा नये. सुरगाण्याकडची एक पेशंट होती माझी. तिने परकराला आतून जुन्या उशीच्या अभ्र्याचा खिसा शिवून घेतला होता, नाडीच्या जरा खाली. पिशवी त्या खिशात. अडीच महिने ती भात लावणीला गेली नाही, पण चुलीपुढचं सगळं केलं. तेव्हापासून मी प्रत्येकीला तो खिसा सांगतो. कंपनीच्या पट्ट्यापेक्षा तो बरा.

ही नळी टाकल्यावर खालची गळती बरीच कमी होते, कारण लघवीला पाठीतून सोपी वाट मिळते. पूर्ण थांबेलच असं नाही.

तुम्हाला दिलेल्या तिन्ही सल्ल्यांत न आलेली एक गोष्ट इथे आहे. खालून तार गेली नाही याचा अर्थ वरूनही जाणार नाही असा नव्हे. पीसीएन टाकल्यावर त्याच वाटेने वरून खाली तार सोडून बघता येते. एकाच वेळी वरून रेडिओलॉजिस्ट आणि खालून युरॉलॉजिस्ट असं दोघं मिळूनही प्रयत्न होतो. नळीची एक कड जरी शाबूत असेल तरी तार कधीकधी अलगद उतरते. तिच्यावरून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत राहणारी बारीक नळी) बसला आणि सहा-आठ आठवडे राहिला, तर बऱ्याच पेशंटची गळती ऑपरेशनशिवाय बंद होते. म्हणून ताप उतरल्यावर हा प्रयत्न एकदा झालाच पाहिजे. नळी पूर्ण बांधली गेली असेल किंवा मधला तुकडाच गेला असेल तर तो फसतो. फसला तर तोटा काही नाही, पीसीएन आहेच.

आणखी एक तपासणी झाली का ते विचारा. मूत्राशयात निळ्या रंगाचं पाणी भरायचं, योनीमार्गात एकावर एक तीन गॉज ठेवायचे आणि पेशंटला थोडं चालवून आणायचं. गॉज बाहेर काढल्यावर आतला निळा निघाला तर भोक मूत्राशयाला आहे. आतला ओला पण पांढराच असेल तर लघवी युरेटरमधून येतेय. ताईंना लघवी नेहमीसारखी होते यावरून युरेटरच वाटतो, पण काही जणींना दोन्हीकडे भोक असतं. ऑपरेशन करून युरेटर छान बसवला आणि दुसऱ्या दिवशी पॅड तसाच ओला, ही फजिती मी दुसऱ्या गावाहून आलेल्या पेशंटमध्ये पाहिली आहे. तीन गॉजचा खर्च तो किती!

आता वेळेबद्दल. इथे तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असू शकतं.

इजा ऑपरेशनच्या टेबलावरच लक्षात आली तर तिथल्या तिथे जोडणं सगळ्यात उत्तम. पहिल्या आठवड्यात कळली आणि पेशंट ठणठणीत असेल, तरी मी उघडतो. त्यानंतरचे काही आठवडे मला आवडत नाहीत. त्या काळात ओटीपोट आतून लाल, सुजलेलं असतं, थर एकमेकांपासून सुटत नाहीत. बरेच सर्जन हल्ली तीन-चार आठवड्यांतही ही दुरुस्ती करतात आणि त्यांचे निकाल चांगले येतात. त्यांचं म्हणणं, खराब झालेला भाग आपण वापरतच नाही, नळी मूत्राशयात नव्या जागी बसवतो, मग सूज उतरायची वाट का बघायची? मुद्दा खोटा नाही. ताप नसेल, लघवीत जंतू नसतील, पोटात लघवीचं डबकं साठलेलं नसेल आणि पहिलं ऑपरेशन सुटसुटीत झालं असेल, तर मीही तयार होतो.

पण ताईंना ताप आहे. आणि माझ्या खात्यावर एक जुनी चूक आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बाईंच्या घरच्यांनी फार घाई केली. गळतीमुळे सासरी बोलणं खावं लागत होतं, त्या रडत होत्या. मी विसाव्या दिवशी उघडलं. मूत्राशयाची भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती, टाका ओढला की दोरा आरपार कापत बाहेर येत होता. कशीबशी नळी बसवली. ड्रेनमधून अठरा दिवस लघवी येत राहिली आणि त्या अठराही दिवसांत मला झोप नव्हती. बाई बऱ्या झाल्या, पण ते श्रेय माझं नव्हे. तेव्हापासून जंतुसंसर्ग असला की मी सहा ते बारा आठवडे थांबतो. पाठीतली नळी असताना थांबण्याने किडनीचं नुकसान होत नाही. नळी न टाकता नुसतं थांबणं मात्र किडनी घालवणं आहे. पूर्ण तुंबलेली किडनी दीड-दोन महिन्यांत कायमची जायबंदी होऊ शकते. "थांबा" हा शब्द दोन डॉक्टरांनी वापरला तरी त्याचे अर्थ असे दोन असू शकतात, तेवढं विचारून घ्या.

जोडणीचे प्रकार फटीच्या लांबीवर ठरतात. इजा वर किंवा मध्ये असेल आणि फट दोन-तीन सेंटीमीटरची असेल, तर दोन टोकं तिरकी चिरून एकमेकांना जोडतात. तिरकी अशासाठी की गोल जोड पुढे आकसतो. ताईंची इजा खाली, मूत्राशयाजवळ आहे. तिथे टोकाला टोक मी जोडत नाही, कारण खालच्या तुकड्याच्या रक्तपुरवठ्याचा भरवसा नसतो आणि मूत्राशय हाताशी असतोच. वरचं चांगलं टोक सरळ मूत्राशयात नव्या जागी रोवायचं. चार-पाच सेंटीमीटरपर्यंतच्या फटीला एवढं पुरतं.

फट त्याहून मोठी निघाली तर नळी ओढून लांब होत नाही, मग मूत्राशयच वर आणावा लागतो. हे मला स्वतःला फार आवडणारं काम आहे. मूत्राशय सगळ्या बाजूंनी मोकळा केला की तो पाण्याच्या फुग्यासारखा हलतो. त्याचा एक खांदा वर उचलून कमरेच्या आतल्या मोठ्या सोआस स्नायूच्या पांढऱ्या पट्ट्याला दोन-तीन टाक्यांनी टांगायचा. टाके त्या स्नायूच्या धाग्यांच्या दिशेने घालायचे, आडवे नाही. त्याच स्नायूवरून मांडीकडे जाणारी एक बारीक नस असते. ती टाक्यात सापडली तर पेशंट सहा महिने जांघेत आग होते म्हणून येत राहते. एवढ्याने सहा ते दहा सेंटीमीटरची फट भरते. त्याहून जास्त असेल तर मूत्राशयाच्या भिंतीची जिभेसारखी पट्टी कापून, वर वळवून, तिचीच नळी शिवायची. हा बोआरी फ्लॅप. इटलीच्या बोआरींनी १८९४ मध्ये तो कुत्र्यावर करून दाखवला होता. त्याने १२ ते १५ सेंटीमीटरपर्यंत पोहोचता येतं. मूत्राशय लहान असेल किंवा त्याला रेडिएशनचा शेक दिलेला असेल तर मात्र हे जमत नाही.

आतड्याच्या तुकड्याची नळी करणं, किडनीच उचलून ओटीपोटात बसवणं, असे याच्याही पुढचे उपाय आहेत. किडनी हलवण्याचं ऑपरेशन माणसावर पहिल्यांदा १९६३ मध्ये जेम्स हार्डी यांनी केलं, तेही युरेटरच्या इजेसाठीच. तुम्ही वर्णन केलेल्या इजेला तिथवर जावं लागेल असं वाटत नाही, म्हणून सोडून देतो.

उघडून, दुर्बिणीने की रोबोटने? ज्या सर्जनचा ज्यात हात बसलाय त्याने. जोडावर ताण नसावा, टोकाला रक्त असावं, आत स्टेंट असावा. कातडीवर किती मोठी चीर पडली हे दोन वर्षांनी किडनीला माहीत नसतं.

तिसऱ्या सल्ल्याबद्दल. नात्यातल्या त्या गृहस्थांना हसू नका, कधीकाळी तोच एकमेव उपाय होता. ठरवून केलेली किडनी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया २ ऑगस्ट १८६९ ला जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सायमन यांनी केली. ती पेशंटही तुमच्या ताईंसारखीच: आधीच्या एका ऑपरेशनमध्ये युरेटरला इजा, आणि सतत गळणारी लघवी. सायमननी आधी कुत्र्यांवर करून पाहिलं, एका किडनीवर जगता येतं याची खात्री केली आणि मग हात घातला. ती बरी झाली. तेव्हा स्टेंट नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं, स्कॅन नव्हता. आज ४४ व्या वर्षी, सतरा दिवसांच्या इजेला, किडनी काढण्याचं नाव मी घेणार नाही. पीसीएननंतर काही आठवड्यांनी स्कॅन केला आणि ती दहा टक्क्यांच्या खाली निघाली, तर तेव्हा बोलू.

"आपोआप बंद होईल का" असंही ताईंनी विचारलंय म्हणे. गळती आपोआप थांबते कधीकधी, आणि मला तीच जास्त भीती वाटते. कळवणकडच्या एक बाई दीड महिना गळत होत्या, तारखेला आल्याच नाहीत. नंतर कळलं, एके दिवशी सगळं कोरडं झालं म्हणून घरच्यांनी वणीच्या गडावर जाऊन नवस फेडला. वर्षभराने भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी झाली तेव्हा त्या बाजूची किडनी पाण्याची पिशवी झालेली होती. भोक भरताना नळीच आवळून बंद झाली होती. दुखलं का विचारलं, तर म्हणाल्या, अजिबात नाही. हळूहळू तुंबणारी किडनी दुखत नाही. म्हणून गळती थांबली की त्याच आठवड्यात सोनोग्राफी.

चूक कोणाची, हा प्रश्न तुम्ही रागाने विचारलाय आणि राग साहजिक आहे. डॉक्टर डॉक्टरची बाजू घेणार असं वाटेल, पण अनुभवी हातांकडूनही ही इजा होते. इथे बसून मला निवाडा करता येणार नाही. ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड यांची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे आणि पुढच्या सर्जनला ती लागतेच. माझी तक्रार वेगळी आहे. पॅड भिजतायत असं सांगणाऱ्या बाईला पिशवी काढल्यावर थोडं पाणी जातंच असं म्हणून आठवडाभर परत पाठवणं, हे मी दर वर्षी ऐकतो. ते पाणी वाटीत धरून त्याचं क्रिएटिनीन तपासलं तर एका दिवसात कळतं. रक्तापेक्षा कितीतरी जास्त आलं म्हणजे ती लघवी आहे.

जोडणीनंतर लघवीची पिशवी साधारण आठ ते दहा दिवस राहते, आतला डीजे चार ते सहा आठवडे. डीजे असताना सारखी लघवीला लागणं, अधूनमधून लालसर होणं, लघवी करताना कुशीत कळ येणं हे चालतं. थंडीताप चालत नाही. डीजे काढायची तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. विसरलेल्या डीजेवर खडे चढतात आणि मग तो काढायलाच ऑपरेशन लागतं. काढल्यावर दीड महिन्याने सोनोग्राफी, तीन महिन्यांनी स्कॅन, वर्षाने पुन्हा एकदा सोनोग्राफी. काही दुखत नसलं तरी.

खर्चाचं म्हणाल तर भरती व्हायच्या आधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा आणि हे ऑपरेशन महात्मा फुले योजनेत तिथे होतं का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. भरती झाल्यावर विचारलं की धावपळ होते.

उद्या नाही, आजच निघा. सीटीच्या छापील फिल्म नेल्या तर नेल्या, पण सेंटरकडून सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, आणि तार वरून जाईल का हे ठरवायला मला सगळी बघावी लागतात. ताईंना रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तो कागदही वर ठेवा, पीसीएनची सुई घालणारा डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारेल.